गाडीलाही पासपोर्ट लागतो

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

मोटरसायकलवरून देशोदेशी फिरायच्या बेतासाठी तू पाठवलेली सामानाची यादी वाचली. तंबू, स्लीपिंग बॅग, रेनकोट, कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या, सगळं नीट नोंदवलंयस आणि अगदी शेवटी एका ओळीत लिहिलंयस, 'कागदपत्रं बघायचीत'. ही यादी उलटी कर. रेनकोट कुठेही विकत मिळेल, राहून गेलेला शिक्का मिळत नाही. नोकरीभर मी आयात-निर्यातीचेच कागद तपासले, त्यामुळे माझं पत्र तुला कारकुनी वाटेल. वाटू दे.

पहिली गोष्ट म्हणजे सरहद्दीवर तू एकटी नसतेस. तू आणि तुझी गाडी असे दोन प्रवासी असता आणि दोघींना वेगवेगळ्या खिडकीशी उभं राहावं लागतं. इमिग्रेशन तुला आत घेतं, कस्टम गाडीला. पासपोर्टवर शिक्का बसला की काम झालंसं वाटतं, पुढचा माणूस हातानेच 'जा जा' म्हणतो आणि गाडी कागदाशिवाय आत शिरते. देश सोडायची वेळ आली की कस्टमवाला विचारतो, ही आत आली कधी? त्याच्या दृष्टीने ती आलेलीच नसते, म्हणजे चोरून आणलेली. म्हणून नाक्यावरून हलण्यापूर्वी तुझा आणि गाडीचा असे दोन्ही पुरावे हातात आहेत ना, ते बघ. त्यांवरच्या तारखा तिथेच उभी राहून वाच, कारण दोघींच्या मुदती सारख्या असतीलच असं नाही. शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत, तुला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, पण युरोपीय संघाबाहेर नोंदलेल्या गाडीला तिथे साधारण सहा महिने राहता येतं. दुसरीकडे हेच उलटं असू शकतं. व्हिसा वाढवून घेतलास म्हणून गाडीचा परवाना आपोआप वाढत नाही. आणि काही देश गाडीची नोंद थेट तुझ्या पासपोर्टाशी जोडतात. अशा ठिकाणी गाडी मागे ठेवून विमानाने परत यायचं म्हटलं तर तुलाच अडवतील. आजारपण आलं, तातडीने निघावं लागलं, तर गाडी कस्टमच्या ताब्यात कशी द्यायची, हे तिथे शिरतानाच विचारून ठेव.

आता कार्नेट. पूर्ण नाव 'कार्ने द पासाज आँ दुआन', पण सगळे कार्नेटच म्हणतात. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुझा सगळ्यात जास्त पैसा इथेच अडकणार. परदेशी गाडी देशात आली की तिच्यावर आयात शुल्क लागतं. तू फिरायला आलीस आणि गाडी परत नेणार, म्हणून ते माफ. पण नेशीलच याची हमी कोण देणार? त्या हमीचं पुस्तक म्हणजे कार्नेट. ते आपल्या देशातला ऑटोमोबाइल क्लब देतो आणि त्यासाठी तुझ्याकडून अनामत किंवा बँक गॅरंटी घेतो. रक्कम गाडीच्या किमतीवर आणि तू ज्या देशांतून जाणार त्यांच्या शुल्कावर ठरते. म्हणून मार्ग आधी पक्का कर. एखादा जास्त शुल्काचा देश नुसता 'जमलं तर जाऊ' म्हणून यादीत घातलास, तर अनामत फुगते.

इराण, पाकिस्तान, इजिप्त अशा देशांत कार्नेटचा विषय येतोच. युरोप, मध्य आशिया, दक्षिण अमेरिका इथे ते लागत नाही. तिथे सरहद्दीवरच गाडीचा तात्पुरता आयात परवाना मिळतो. कार्नेटच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात. आत जाताना अधिकारी एक तुकडा फाडून घेतो आणि स्थळप्रतीवर शिक्का मारतो. बाहेर पडताना दुसरा तुकडा फाडतो आणि त्याच स्थळप्रतीवर दुसरा शिक्का मारतो. तुझ्याकडे उरते ती फक्त स्थळप्रत, आणि तिच्यावर दोन्ही शिक्के असतील तरच अनामत सुटते. बाहेर पडतानाचा राहिला, तर तो देश क्लबकडे शुल्क मागतो आणि क्लब तुझ्याकडे. त्यामुळे ते बाड स्वतःच्या हाताने उघडून योग्य पान समोर धर, कोणता तुकडा फाडला जातोय ते बघ. घाईत चुकीचा तुकडा फाडणारे अधिकारी असतात, आणि त्यात त्यांचं काही जात नाही. एवढं करूनही शिक्का सुटलाच, तर कार्नेटमध्येच गाडी अमुक ठिकाणी आहे असं प्रमाणित करणारा नमुना असतो. तो घरी परतल्यावर कस्टमकडून गाडी दाखवून भरून घ्यायचा. कार्नेटची मुदत एक वर्षाची असते, तेव्हा निघण्याच्या खूप आधी काढून दिवस वाया घालवू नकोस.

सगळ्या कागदांवरची नावं आणि क्रमांक एकमेकांशी जुळले पाहिजेत. नसलेला कागद परवडला, कारण तो तिथे मिळवता तरी येतो. न जुळणारा कागद मात्र संशय उभा करतो. पासपोर्टवर तुझं मधलं नाव आहे, लायसनवर फक्त आद्याक्षर आहे, हे आताच सरळ करून घे. चासी नंबर आरसीवरून उतरवू नकोस. गाडीपाशी बस, हँडलच्या मुळाशी ठोकलेला नंबर टॉर्च मारून वाच आणि मग आरसी, कार्नेट, विमा या तिन्हींशी अक्षर-अक्षर लावून बघ. सतरा अक्षरांच्या या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. कुठल्या कागदावर ओ दिसला तर टंकणाऱ्याने शून्याऐवजी तो मारलाय, हे खुशाल समज आणि दुरुस्त करून घे. इंजिन नंबरही तसाच पडताळ.

यातच आपल्या घरची अडचण आहे. गाडी अजून माझ्या नावावर आहे. मालक सोबत नसलेली गाडी चालवायला अधिकारपत्र लागतं. माझं नाव, तुझं नाव, पासपोर्ट क्रमांक, गाडीचे दोन्ही नंबर, कोणते देश, कोणत्या तारखा, आणि गाडी देशाबाहेर नेण्या-आणण्याची स्पष्ट परवानगी, असं सगळं त्यात हवं. ते नोटरीकडून करून घ्यायचं, जरूर तिथे अनुवाद जोडायचा, आणि हेग कराराच्या देशांसाठी अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी दाखला, घ्यायचा. हे मी करून देईन. पण माझं मत विचारशील तर गाडी तुझ्या नावावर करून टाकू. दर सरहद्दीवर 'ही कुणाची' याचं उत्तर देत बसण्यापेक्षा ते सोपं. कर्ज फिटलंय, तरी आरसीवर बँकेची नोंद राहिलेली असू शकते. तीही काढून घेऊ, नाहीतर बँकेचं ना-हरकत पत्र सोबत लागेल.

लायसनबद्दल एकच ठासून सांगते. आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे तुझ्या मूळ लायसनचा अनुवाद, त्याच्या एकट्याच्या जोरावर गाडी चालवता येत नाही. दोन्ही सोबत ठेव. त्यात मोटरसायकलचा 'ए' गट शिक्का मारून भरलाय का, ते खिडकीवरच बघ. नुसता मोटारीचा 'बी' गट भरून मिळालेले परवाने घेऊन लोक निघतात, आणि अपघात झाला की विमा कंपनी विनालायसन चालवलं म्हणून हात वर करते. हे परवाने १९४९च्या जिनिव्हा करारानुसार किंवा १९६८च्या व्हिएन्ना करारानुसार निघतात आणि सगळे देश दोन्ही मानत नाहीत. जपान फक्त १९४९चा मानतो. चीन कोणताच मानत नाही, तिथे त्यांचं तात्पुरतं लायसन काढावं लागतं. घरबसल्या दहा वर्षांचा 'आंतरराष्ट्रीय लायसन' देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या कार्डाला काडीची किंमत नाही.

विमा दोन प्रकारचा. घरची गाडीची पॉलिसी बहुतेक सरहद्दीपाशी संपते. युरोपात आणि आजूबाजूच्या काही देशांत ग्रीन कार्ड, म्हणजे गाडीच्या विम्याचा आंतरराष्ट्रीय दाखला, चालतं. कार्डावर देशांच्या अक्षरांचे चौकोन असतात, त्यात खोडलेल्या देशात ते लागू नसतं. ग्रीन कार्ड नसेल तर बऱ्याच ठिकाणी सरहद्दीवरच थोड्या मुदतीचा विमा विकत मिळतो. घे, आणि तो विकणारी टपरी बंद असेल तर उघडेपर्यंत थांब. तुझा स्वतःचा प्रवास विमा घेताना पहिल्या पानावरची मोठी रक्कम बघून खूश होऊ नकोस. आतल्या बारीक अक्षरांत मोटरसायकल वगळलेली असते, किंवा १२५ सीसीपर्यंतच चालते, किंवा मागे बसलेलीला चालते आणि चालवणारीला नाही. तुझ्या गाडीचे सीसी सांगून 'हो, लागू आहे' असं ईमेलवर लेखी घे. हेलिकॉप्टरने उचलून नेण्याचा आणि मायदेशी आणण्याचा खर्च त्यात धरलाय का, तेही विचार. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतंच, पण डोंगरात पाय मोडला तर तेवढ्यावर समाधान मानू नये.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असू दे आणि कोरी पानं भरपूर. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिका मार्गात असेल तर पिवळ्या तापाची लस आधी घे. तिचं प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहाव्या दिवसापासून लागू होतं, आणि २०१६पासून ते आयुष्यभर चालतं. औषधं मूळ पाकिटातच ठेव आणि डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ रासायनिक नावासह घे. आपण सहज घेतो ती खोकल्याची आणि दुखण्याची काही औषधं इतर देशांत अमली पदार्थांत मोडतात. कोडीन आणि ट्रामाडॉल ही नावं लक्षात ठेव. उपग्रह फोनचंही तसंच, काही देशांत विनापरवानगी बाळगणं हाच गुन्हा आहे.

झेरॉक्स भरपूर ने. फोनमधलं चित्र पोलिसाला दाखवायला ठीक, पण सरहद्दीवरचा माणूस फायलीला लावायला कागदच मागतो. मूळ कागद अंगावर, झेरॉक्स टँक बॅगेत, स्कॅन ईमेलमध्ये आणि इंटरनेट नसताना उघडेल असे फोनमध्येही. मूळ कागदांना लॅमिनेशन करू नकोस, शिक्का मारायला जागा उरत नाही. वाचता येत नाही अशा कागदावर सही करण्यापूर्वी फोनने अनुवाद करून बघ. कोण किती का घाई करेना. आणि पैसे दिलेस तिथे पावती माग. पावती म्हटलं की मागणी अर्ध्यावर येते, हा माझा अनुभव आहे.

गाडी जहाजाने किंवा विमानाने पाठवणार असशील तर टाकीत पेट्रोल जवळजवळ नको आणि बॅटरीच्या तारा सोडवलेल्या हव्यात. पेटीचं आकारमान जितकं कमी तितकं भाडं कमी, म्हणून आरसे, काच आणि पुढचं चाक काढून बांधतात. ऑस्ट्रेलियाला गेलीस तर चाकांच्या कडांतली मातीसुद्धा ब्रशने काढावी लागेल. माती दिसली तर ते गाडी धुवायला लावून बिल तुझ्या हातात देतात. बाबांचं म्हणणं, थोड्या दिवसांसाठी एवढी यातायात कशाला, तिथेच भाड्याने घे. मला ते पटतं. फक्त करारात सरहद्द ओलांडायची परवानगी लेखी हवी.

सामानाचं तू बघशीलच. नंबर प्लेटवर रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंक असावेत, मागे देशाच्या संक्षेपाचं अंडाकृती स्टिकर लाव. रस्त्याची बाजू बदलणार असेल तर हेडलाइटच्या काचेचा एक भाग टेपने झाक, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जातो. फ्रान्समध्ये हातमोजे सक्तीचे आहेत आणि चमकदार जाकीट जवळ ठेवावं लागतं. सुटे भाग निवडताना एकच कसोटी लाव. ज्याने गाडी जागच्या जागी थांबते आणि जे वाटेत मिळणार नाही, ते न्यायचं. क्लच वायर, अ‍ॅक्सिलरेटर वायर, दोन्ही लिव्हर, चेनची जोडकडी, फ्यूज, पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप. क्लच वायर जुनीच्या शेजारून आधीच ओढून टेपने बांधून ठेव, तुटली की टोकं बदलायची आणि निघायचं. टूलकिटमधल्या पान्ह्यांनी दोन्ही चाकं खरंच निघतात का, हे एकदा अंगणात करून बघ.

आता तू मला एवढं पाठव. चासी आणि इंजिन नंबरचे फोटो, स्पष्ट, गाडीवरचे, आरसीवरचे नव्हेत. पासपोर्टचं पहिलं पान. आणि देशांची यादी क्रमाने, अंदाजे तारखांसह, 'जमलं तर'वाले देश वेगळे काढून. ती आली की मी क्लबकडे अनामतीची चौकशी करते आणि गाडी तुझ्या नावावर करायचा अर्ज भरायला घेते. जादा किल्ली तुझ्या जाकिटाच्या आत शिवून देईन. पॅनिअरमध्ये, म्हणजे गाडीच्या बाजूच्या पेटीत, ठेवू नकोस, कारण पॅनिअरला कुलूप त्याच किल्लीचं आहे.

तुझी
आई