सुईने पान्हा येतो, दूध वाढत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या म्हशीचं रेडकू गेल्या महिन्यात दगावलं. दुसऱ्या दिवशी पहाटे धारेला बसले. कोमट पाण्याने कास धुतली, सड चोळले, पण म्हशीने पान्हा सोडला नाही. चरवीचा तळही झाकला नाही. शेजारच्या गोठ्यातला मुलगा बाटली घेऊन धावत आला, "काकू, सुई मारा, लगेच पान्हावते." मी मारू दिली नाही, म्हणून हे पत्र.

म्हशीच्या कासेतलं जेमतेम पाच टक्के दूध सडावरच्या पोकळीत उतरलेलं असतं, गाईचं वीसेक टक्के. बाकीचं वरच्या बारीक पिशव्यांत अडकलेलं. ते खाली यायला मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटावं लागतं. रेडकाने ढुसणी दिली, ओळखीचा हात लागला, आंबोणाची बादली वाजली की ते सुटतं आणि काही मिनिटांत ओसरतं. काठी उगारली की पान्हा चोरलाच. सुईत हेच औषध असतं. आधीच तयार असलेलं दूध ती खाली आणते, एवढंच. रोजची सवय लागली की जनावर आपणहून पान्हा सोडेनासं होतं.

दूध किती तयार करायचं, हे बऱ्याच अंशी कासच ठरवते. आत दूध साठून राहिलं की ती हात आखडता घेते. स्कॉटलंडच्या हन्ना संशोधन संस्थेत शेळ्यांच्या एका बाजूची धार दिवसातून तीनदा काढली, दुसरीची दोनदा. दूध वाढलं ते तीनदा काढलेल्या बाजूचंच. शेळी तीच, खुराक तोच! शेवटची धार कासेत ठेवली की म्हैस आटते, असं माझ्या सासूबाई सांगायच्या, ते उगाच नव्हे.

मी वेळ बदलली नाही, हात बदलला नाही. भिजवलेली सरकी पेंड पुढे ठेवायची, पाठीवरून हात फिरवायचा, घाई करायची नाही. गाईपेक्षा म्हशीला तसाही वेळ जास्त लागतो. नवव्या दिवशी कास सैल पडली. पूर्वी वेळेला पाच लिटर द्यायची, आता चार देते.

दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल अशी सुई देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ नुसार गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी आमच्याकडे बाटली चिठ्ठीशिवाय मिळते. अन्न व औषध प्रशासनाने गावोगावची दुकानं तपासावीत. संकलन केंद्रावर फॅटची पावती रोज मिळते, तिथेच पान्ह्याची ही माहितीही लावावी. आणि आपल्या शेतीच्या पानावर एखाद्या पशुवैद्यकांकडून लिहून घ्या. रेडकू गेलेल्या म्हशीला पहिले दहा दिवस कसं सांभाळायचं, तेवढं त्यात सविस्तर येऊ द्या. बाटली गोठ्यात शिरते ती त्याच दिवसांत.

आपली,
एक दूध उत्पादक, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर