पुरंदर विमानतळाच्या मालकीत जनतेचा वाटा हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुरंदरच्या नियोजित आंतरराष्ट्रीय विमानतळाबद्दल आपल्या दैनिकात सतत वाचायला मिळते. मोबदल्याचा दर, भूसंपादनाच्या नोटिसा, पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी या सात गावांचा विरोध, सगळे छापून येते. पण हा विमानतळ कुणाच्या पैशाने उभा राहणार आणि उभा राहिल्यावर तो कुणाचा असणार, हे कुणी विचारताना दिसत नाही. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो आहे, नोकरीतली बरीच वर्षे मोठ्या कर्जांच्या फायलींवर गेली, म्हणून हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

नवी मुंबईचे उदाहरण समोरच आहे. तिथल्या विमानतळाला लागणारे संपूर्ण १२,७७० कोटी रुपयांचे कर्ज उभे करून देण्याची हमी २०२२ मध्ये एकट्या स्टेट बँकेने घेतली. विमानतळ कंपनीत ७४ टक्के भाग अदानी समूहाचे आहेत आणि २६ टक्के सिडकोचे. जमीन सरकारी यंत्रणेने मिळवून दिली, कर्जाचा भार सरकारी बँकेने उचलला आणि मालकीचा तीन चतुर्थांश हिस्सा खासगी कंपनीकडे गेला. यात बेकायदा काही नाही. कर्जावर बँकेला व्याज मिळते, तेही मान्य. तरी पुरंदरला हीच घडी जशीच्या तशी उचलावी, हे मला पटत नाही.

कारण सांगतो. हवाई क्षेत्राचे नाव काढले की सरकारी बँकांना किंगफिशर ही विजय मल्ल्यांची बुडालेली विमान कंपनी आठवते. स्टेट बँकेच्या पुढाकाराखाली १७ बँकांचे सुमारे ९,००० कोटी रुपये त्यात अडकले. तारण काय होते? कंपनीचे नाव, बोधचिन्ह, वैयक्तिक हमी. विलेपार्ल्याच्या किंगफिशर हाऊसला २०१६ मध्ये १५० कोटींच्या राखीव किमतीला एकही बोली आली नाही. ती इमारत शेवटी २०२१ मध्ये सुमारे ५२ कोटींना गेली. विमान कंपनीची बहुतेक विमाने भाड्याची असतात. कंपनी बसली की विमानांचा मूळ मालक ती घेऊन जातो आणि बँकेच्या हाती कागद उरतात.

विमानतळाचे तसे नसते. धावपट्टी कुणी उचलून नेऊ शकत नाही. शिवाय मोठ्या विमानतळांचे दर २००८ च्या कायद्याने स्थापन झालेले विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवते. केलेल्या गुंतवणुकीवर ठरावीक परतावा सुटेल असा हिशेब मांडून तिकिटातले विकास शुल्क निश्चित होते. पाच वर्षांच्या एका टप्प्यात तूट राहिली, तर पुढच्या टप्प्याच्या दरात ती भरून काढण्याची सोय आहे. म्हणजे जोखमीचा मोठा भाग प्रवासी स्वतःच्या खिशातून उचलतो. त्यावर दुकाने, वाहनतळ, हॉटेले आणि जाहिराती यांचे उत्पन्न वेगळे, आणि त्याचा जेमतेम ३० टक्के भाग दर कमी करण्यासाठी धरला जातो. इतका भक्कम धंदा असताना सार्वजनिक बँकेच्या वाट्याला फक्त व्याज आणि पिढ्यान् पिढ्यांचा नफा दुसऱ्याला, ही वाटणी न्यायाची नाही.

बँकेचा पैसा म्हणजे शेवटी ठेवीदाराचा पैसा. सासवडच्या शाखेत निवृत्त शिक्षक दोन-तीन वर्षांची मुदतठेव ठेवतो. त्याच ठेवींतून पंधरा-वीस वर्षांनी फिटणारी कर्जे दिली जातात. हा मेळ बसवणे किती अवघड असते, ते बँकेत काम केलेल्याला विचारा. मोठी कर्जे थकली की झळ कुणाला लागते, हेही पुण्याने पाहिले आहे. प्रा. वा. गो. काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३५ मध्ये छोट्या उद्योजकांसाठी उभी केलेली बँक ऑफ महाराष्ट्र जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या ‘पीसीए’ म्हणजे बुडीत कर्जे वाढलेल्या बँकांवर लागणाऱ्या निर्बंधांखाली आली. जानेवारी २०१९ अखेर ती बाहेर पडली आणि आज ती नीट चालली आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. पण असे निर्बंध असले की बँक कर्ज देताना हात आखडते, आणि लेथ मशीन घेऊ पाहणारा भोसरीचा कारखानदार किंवा ठिबकसाठी अर्ज केलेला बागाईतदार ताटकळतो. त्यांचा त्या बुडीत कर्जांशी काडीचाही संबंध नसतो.

मालकीची दुसरी पद्धत आपल्याच देशात यशस्वी झाली आहे. कोचीचा विमानतळ १९९९ पासून चालू आहे. केरळ सरकार त्या कंपनीचा सर्वांत मोठा भागधारक आहे, सोबत परदेशात राबणारे हजारो मल्याळी भागधारक आहेत. हुडको या सरकारी संस्थेने त्याला कर्ज दिले. विमानतळ नफ्यात चालतो आणि भागधारकांना लाभांश देतो. जमीनमालकाला भागधारक करण्याचा धडा घ्यायला तर केरळलाही जायला नको. हडपसरला मगरपट्ट्याच्या शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. जमीन गेली तरी मालकी राहिली.

पुरंदरच्या अंजीर-सीताफळाच्या बागा एकरकमी मोबदल्यात मोजल्या जात आहेत. विकसित भूखंडाचे आश्वासन आहे, ते चांगलेच. पण विमानतळ कंपनीचे भागही शेतकऱ्याला द्या. बँकांनीच सगळे भाग घ्यावेत असे मी म्हणत नाही. बँकिंग नियमन कायद्यानुसार बँकेला एखाद्या कंपनीचे ३० टक्क्यांहून अधिक भाग धरताही येत नाहीत. राज्य सरकार, सात गावांचे शेतकरी आणि सामान्य पुणेकर मिळून निम्म्याहून अधिक भाग धरू शकतात. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची असल्याने परदेशी जायला रात्री-अपरात्री मुंबई गाठणारे आपण या विमानतळाची वाट पाहत आहोत. त्याचे छोटे भागधारक व्हायला पुणेकर रांग लावतील, याची मला खात्री आहे.

कर्जदाराचा तपशील गोपनीय असतो, हा दंडक मी नोकरीत काटेकोर पाळला. मात्र सार्वजनिक कामासाठी म्हणून सक्तीने जमीन घेतली जाते, तिथे तो लागू करणे योग्य नाही. माझी मागणी एवढीच आहे. निविदा निघण्याआधी भागभांडवल कुणाचे किती, कर्ज कोणत्या बँकांचे, मुदत किती आणि तारण काय, याचा साधा मराठी मसुदा महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने प्रसिद्ध करावा, सासवडला ग्रामस्थांपुढे वाचून दाखवावा आणि हरकतींसाठी किमान दोन महिने द्यावेत. आपल्या दैनिकाने ही मागणी लावून धरावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
कोथरूड, पुणे