छपरावरचं १८४० आणि बाटलीचं बूड

संपादक महोदय, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या अमेरिकन बाटल्या जमवण्यावर लेख आला होता. आवडला, दोनदा वाचला, पण सोबत जो फोटो छापलाय त्या घराच्या आकाराच्या तपकिरी बाटलीखाली "१८४० सालची व्हिस्कीची बाटली" असं लिहिलेलं बघून राहवेना, म्हणून हे पत्र. मी गेली अठरा वर्षं अमेरिकेत साउथ जर्सीत (न्यू जर्सी राज्याचा दक्षिण भाग) राहतोय आणि त्यातली बारा-तेरा या बाटल्यांच्या नादात घालवलीत, बायकोला विचाराल तर ती "वाया घालवलीत" म्हणेल.

तर ती बाटली. छपरावर १८४० आहे, बरोबर. पण ती बनली १८६०च्या दशकात, इथून जवळच ग्लासबरो म्हणून गाव आहे तिथल्या व्हिटनी ग्लास वर्क्समध्ये, फिलाडेल्फियाच्या वॉलनट स्ट्रीटवरच्या ई. जी. बूझ नावाच्या दारूवाल्यासाठी. मग १८४० कशाला? तर त्या वर्षीची प्रेसिडेंटची निवडणूक विल्यम हेन्री हॅरिसनने ओंडक्यांचं खोपट आणि सायडरचं (सफरचंदाच्या दारूचं) पिंप या दोन गोष्टींवर जिंकली होती, आपला माणूस खोपटातला आहे, साधा आहे वगैरे (होता चांगल्या खात्यापित्या घरातला, पण प्रचार तो प्रचार). मला वाटतं बूझसाहेबांना ते खोपटही हवं होतं आणि माल जुना आहे असं भासवणारं सालही. बाय द वे, इंग्रजीतला दारूसाठीचा "बूझ" हा शब्द या माणसावरून आला असं इथले लोक छातीठोकपणे सांगतात, तेही खोटं, शब्द त्याच्या कितीतरी आधीचा आहे. आणि अजून एक, या बाटलीच्या नकला १९३०च्या दशकापासून निघतायत, इथेच जर्सीत क्लेटनला क्लेव्हेंजर ब्रदर्स ती हाताने फुंकून बनवायचे, तेव्हा तुमच्या फोटोतली १८६०च्या दशकातली तरी आहे का हेसुद्धा नुसत्या समोरच्या फोटोवरून सांगता येणार नाही.

मी हे सगळं शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, मी स्वतः फसलोय. सुरुवातीला एका फ्ली मार्केटमध्ये मेसन जार घेतली, लोणची-मुरंबे भरायची ती फिरकीच्या झाकणाची बरणी, काचेवर ठसठशीत "पेटंट ३० नोव्हेंबर १८५८". विकणारा म्हणाला सिव्हिल वॉरच्या (१८६१ला सुरू झालेलं इथलं यादवी युद्ध) आधीची आहे, मी ४५ डॉलर मोजले आणि घरी येऊन सगळ्यांना दाखवत सुटलो. पुढच्या महिन्यात एका बॉटल शोला घेऊन गेलो तर तिथल्या एका आजोबांनी बरणी हातात घेतली, समोरून बघितलीच नाही, डायरेक्ट उलटी केली. मग माझं बोट धरून बरणीच्या काठावरून फिरवलं. गुळगुळीत. म्हणाले, हाताने फुंकलेल्या बरणीचा काठ घासून सपाट केलेला असतो, बोटाला खरखरीत लागतो, ही मशीनची. बुडावर एक वाकडीतिकडी, मध्यापासून सरकलेली गोल रेघ होती, ती टोलेडो शहरातल्या मायकल ओवेन्सच्या बाटल्या बनवणाऱ्या मशीनची खूण, त्याचं पेटंटच १९०४चं. म्हणजे माझी सिव्हिल वॉरच्या आधीची बरणी विसाव्या शतकातली निघाली! ही बरणी ज्याने काढली त्या जॉन मेसनच्या पेटंटची ती तारीख विसावं शतक उजाडलं तरी कारखाने काचेत उठवतच राहिले होते, तारीख पेटंटची, बरणीची नाही. ती बरणी अजून आहे, तिच्यात आता आम्ही मेथ्या ठेवतो.

ड्रेक्स प्लँटेशन बिटर्स नावाची बाटली तर याहून भारी, तीही खोपटाच्याच आकाराची, वर १८६० लिहिलंय आणि त्याच बाटलीवर पेटंट १८६२ पण लिहिलंय, आता ठरवा कुठलं खरं. बिटर्स म्हणजे औषधाच्या नावाखाली दारूच, पोटाला चांगली म्हणून घरोघरी प्यायचे. या बाटलीचा मात्र एक पक्का पुरावा आहे आणि तो बाटलीवर नाही, नदीच्या गाळात सापडला. बर्ट्रँड नावाची स्टीमबोट माल भरून मोंटानाच्या सोन्याच्या खाणींकडे निघाली होती ती १ एप्रिल १८६५ला मिसूरी नदीत बुडाली. पुढे नदीने पात्र बदललं आणि बोट जमिनीखाली गेली, १९६८ला सापडली, आत या बिटर्सच्या बाटल्याही होत्या. म्हणजे त्या दिवशी त्या बाजारात होत्या एवढं नक्की, अशी तारीख असेल तर मी डोळे झाकून मान्य करतो.

बाकी वेळी बूड बघायचं. गरम बाटलीचं तोंड घडवताना कारागीर तिला खालून एका लोखंडी दांडीने धरायचे, दांडीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा लावून ती बुडाला चिकटवायची, काम झालं की टचकन तोडायची, तिथे जो खरबरीत वण राहतो त्याला पॉन्टिल म्हणतात. १८६०च्या आसपास बाटली धरायला चिमट्यासारखी पकड आली आणि वण जायला लागला. काही बाटल्यांच्या बुडावर लालसर काळा गंजासारखा डाग दिसतो, ती लोखंडी पॉन्टिल, साधारण १८४० ते ६०च्या काळातली. पण वण आहे म्हणजे जुनी असंही नाही हां, नकलवालेही वण ठेवतात. म्हणून मग बुडाची कड बघायची, शंभर-दीडशे वर्षं फळीवर सरकलेल्या बाटलीला सगळ्या दिशांनी बारीक ओरखडे असतात, सँडपेपर मारलेला असेल तर सगळे एकाच दिशेचे.

लेखात फ्लास्कबद्दल दोनच ओळी होत्या याचं वाईट वाटलं, कारण खरी मजा तिथे आहे. फ्लास्क म्हणजे आपली चपटी, दुसरं काही नाही, पण त्या काळी तिच्यावर चक्क राजकारण छापलेलं असायचं. एका बाजूला वॉशिंग्टन, दुसऱ्या बाजूला गरुड, एकीवर "सक्सेस टू द रेलरोड" आणि खाली रुळांवरून गाडी ओढणारा घोडा! माझी सगळ्यात आवडती जनरल टेलरची. एका बाजूला तोफ आणि टेलर कधी शरण जात नाही असं वाक्य, दुसऱ्या बाजूला "कॅप्टन ब्रॅग, अजून थोडी ग्रेप". मेक्सिकोच्या लढाईत १८४७ला टेलरच्या तोंडी घातलेलं वाक्य आहे हे, ग्रेप म्हणजे तोफेतून मारायचे छर्रे, पण साचा करणाऱ्याने त्या वाक्याभोवती मस्त द्राक्षाचा वेल काढलाय, दारूच्या बाटलीवर! ही मी हातात घेऊन बघितलीय, विकत घ्यायची ऐपत नाही.

अजून दोन गोष्टी घाईत. लेखात जांभळ्या बाटल्यांचं कौतुक आहे. काच बिनरंगी दिसावी म्हणून तेव्हा मँगनीज घालायचे, ती काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की फिकट जांभळी होते, पण आजकाल लोक रेडिएशन देऊन मुद्दाम गडद जांभळ्या करून विकतात, वांग्यासारख्या दिसल्या की घेऊ नका. आणि "कुठेही खणा, सापडतील" हे कृपया छापू नका. इथे लोक जुन्या परसातल्या संडासाचे खड्डे उकरतात (तेव्हा कचरा त्यातच टाकायचे), ते मालकाची परवानगी घेऊन, पण सरकारी जमिनीतली शंभर वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू काढणं १९७९च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे.

दारूबंदीच्या काळातली म्हणून जी दुसरी बाटली दाखवलीय तिच्यावर "फेडरल लॉ फॉर्बिड्स" (म्हणजे ही बाटली विकायला किंवा पुन्हा वापरायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे) असं उठावाचं वाक्य मला स्पष्ट वाचता आलं. दारूबंदी १९३३ला उठली, ते वाक्य बाटल्यांवर आलं १९३५ला आणि १९६४पर्यंत राहिलं. म्हणजे तीही ओळ बदलावी लागेल.

तेवढं पुढच्या रविवारी दुरुस्त करा. आणि लेखिकाबाईंना सांगा की ती खोपटाची बाटली उलटी करून बुडाचा एक फोटो पाठवा, मी वाट बघतोय.

तुमचा नेहमीचा वाचक,
साउथ जर्सी