पेनिसिलिनला 1944 का उजाडलं

प्रिय अविनाश,

स. न. वि. वि.

फ्लेमिंगला 1928 साली सापडलेलं पेनिसिलिन सैनिकांपर्यंत पोचायला एवढी वर्षं का लागली, असं विचारलंस. बुरशी सापडली होती. तिच्यातलं द्रव्य न बिघडवता बाहेर काढता येत नव्हतं, हे खरं कारण.

हे द्रव्य आम्लात भराभर मोडतं, आणि द्रावकात, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात, उतरायला मात्र त्याला आम्लच लागतं. ऑक्सफर्डला फ्लोरी-चेन या शास्त्रज्ञांच्या गटातल्या नॉर्मन हीटलीने यावर तोड काढली. बुरशी ज्यात वाढवली तो रस गाळून आधी गार करायचा, आम्ल टाकून पीएच 2 च्या आसपास आणायचा, लगेच ईथर किंवा ॲमिल ॲसिटेटमध्ये घुसळायचा आणि पेनिसिलिन तिकडे गेलं की आम्ल नसलेल्या पाण्यात परत ओढून घ्यायचं. मग गोठवून निर्वातात सुकवायचं. रेंगाळलं की माल गेला. माझ्या मते या कथेतला सगळ्यात उपेक्षित माणूस हीटलीच.

बुरशीला हवा लागते, म्हणून रस उथळ भांड्यांत, बोटभर खोलीचाच ठेवावा लागे. एका मिलिलिटरमागे एक-दोन युनिट (औषधाच्या जोराचं माप) मिळत, आणि रोग्याला लाखांनी लागत. शिवाय मूत्रपिंडं ते काही तासांत बाहेर टाकतात, म्हणून दर तीन तासांनी सुई. फेब्रुवारी 1941 मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर हा आजारी पोलीस या औषधाने सुधारत होता. त्याच्या लघवीतून औषध परत काढून देऊनही साठा संपला आणि मार्चमध्ये तो गेला.

त्याच जुलैत फ्लोरी आणि हीटली अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत गेले. तिथे मक्याचा स्टार्च काढताना उरणारं भिजवणीचं पाणी, म्हणजे कॉर्न स्टीप लिकर, रसात घातल्यावर उत्पादन कितीतरी पटींनी वाढलं. साखर ग्लुकोजऐवजी लॅक्टोज घेतली. ग्लुकोज बुरशी झटपट संपवते आणि नुसती फोफावते. लॅक्टोज सावकाश पचतं, त्या काळात पेनिसिलिन बनत राहतं. पुढे 1943 मध्ये बुरसटलेल्या खरबुजावर अधिक जोमदार वाणही मिळालं.

मग उथळ भांड्यांऐवजी बुरशी वाढवायच्या खोल टाक्या आल्या. खालून निर्जंतुक हवा, मध्ये ढवळणी, फेस दाबायला तेल, आणि तापमान 24 अंशांच्या आसपास राखायला बाहेरून गार पाणी. हवेच्या गाळणीतून किंवा झडपेतून एखादा जंतू शिरला आणि त्याने पेनिसिलिनेज, म्हणजे पेनिसिलिन मोडणारं द्रव्य, सोडलं, की अख्खी टाकी वाया. फायझरने ब्रुकलिनच्या जुन्या बर्फ कारखान्यात 1 मार्च 1944 रोजी अशा 14 टाक्या चालू केल्या, प्रत्येकी सुमारे 28 हजार लिटरच्या. जूनमध्ये नॉर्मंडीत उतरलेल्या फौजांबरोबर औषध होतं, ते या घाईमुळेच. युद्ध नसतं तर एवढा पैसा इतक्या लवकर कुणी ओतला असता, असं मला वाटत नाही.

ते वापरायचं कसं, हे फ्लोरी आणि शल्यविशारद केर्न्स यांनी 1943 मध्ये उत्तर आफ्रिकेत तपासलं होतं. मेलेलं मांस कापून जखम शिवायची आणि बारीक रबरी नळ्यांतून आत पेनिसिलिनचं द्रावण सोडायचं. दूषित जखम शिवू नये, या शिस्तीत वाढलेल्या सर्जनना ते पटेना. पण कापणं चुकलं, तर औषध मेलेल्या मांसात पोचत नाही, तिथे रक्तच नसतं.

आपल्या पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने 1954 मध्ये उभा राहिला, तोही पेनिसिलिनसाठीच. टाक्यांची आणखी माहिती हवी असेल तर कळव, गाळणीपासून सविस्तर लिहीन.

तुझा,
सुधीर