बक्षीसपत्राची नोंदणी होण्याआधी चार प्रश्न विचारा : महसूल मंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

राहते घर मुलाच्या नावावर करून दिल्यावर त्याच घरातून बाहेर काढलेले आईवडील प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करतात, तेव्हा आधी बक्षीसपत्र वाचावे लागते. त्यात बहुधा ठरलेले वाक्य असते : ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता.’ सांभाळाबद्दल एक अक्षर नसते, आणि तिथेच अर्ज लंगडा पडतो.

ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ नुसार ६० वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीने सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने तो केला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांचे न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकते. सारी भिस्त अटीवर आहे. अट सिद्ध झालीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला. पण त्या प्रकरणातही बक्षीसपत्राच्याच दिवशीचे सांभाळाचे वचनपत्र न्यायालयापुढे होते. आपल्याकडच्या किती म्हाताऱ्यांच्या ट्रंकेत असा कागद सापडेल?

राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले, नातवंडे यांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये ठेवले आहे. सवलत चांगली आहे, पण ‘स्वस्तात होतंय, आत्ताच करून टाका’ हा आग्रहही तिच्यातूनच येतो. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात आणि हयातीत ते कितीही वेळा बदलता येते. बक्षीसपत्राने मालकी लगेच जाते. हा फरक देणाऱ्याला कोणी सांगत नाही.

आमची पहिली मागणी दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधक कार्यालयापुरती आहे. आज तिथे ‘दस्त कबूल आहे का?’ एवढेच विचारले जाते. नाही म्हटले तर नोंदणी कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे नोंदणी नाकारावीच लागते. पण घेणारा खुर्चीला खुर्ची लावून बसलेला असताना नाही कोण म्हणणार? देणारा ६० वर्षांवरील असेल तर घेणाऱ्याला आणि दलालाला बाहेर बसवावे आणि साध्या मराठीत विचारावे : आजपासून घर तुमच्या मालकीचे राहणार नाही, हे माहीत आहे ना? तुम्ही आणि तुमचे जोडीदार यापुढे कुठे राहणार, आणि ते दस्तात लिहिले आहे का? औषधपाण्याचा खर्च कुठून येणार? मृत्युपत्राचा पर्याय कोणी समजावला का? निबंधकांनी दस्ताच्या वैधतेचा निवाडा करावा असे आम्ही म्हणत नाही. उत्तरांचे ध्वनिचित्रमुद्रण जपून ठेवावे, म्हणजे पुढे न्यायाधिकरणाला पुरावा मिळेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी निबंधक घरी जातात, तिथे तर हे अधिकच काटेकोरपणे व्हावे. कारण दबाव सर्वांत जास्त असतो तो घरातच.

दुसरी मागणी दस्ताच्या नमुन्याची. त्यात हे कलम आधीपासून छापलेले असावे : ‘घेणारा हा देणाऱ्याच्या व त्याच्या पती/पत्नीच्या अन्न, वस्त्र, निवास व औषधोपचाराची सोय त्यांच्या हयातीपर्यंत करील; दोघांना या घरात तहहयात राहण्याचा हक्क राहील; कसूर झाल्यास हे हस्तांतरण कलम २३ प्रमाणे रद्द होण्यास पात्र राहील.’ नको असेल त्याने खोडावे, पण खोडल्याच्या जागी देणाऱ्याची वेगळी सही घ्यावी. पत्नीचा उल्लेख आवर्जून हवा. घर नवऱ्याच्या नावावर असते, आणि तो गेल्यावर उघडी पडते ती तीच.

अट लिहूनही एक भोक उरते. मुलाने घर तिऱ्हाइताला विकले, तर मोबदला देऊन आणि माहिती नसताना घर घेणाऱ्याविरुद्ध पोटगीचा हक्क चालत नाही, असे कलम २३ (२) सांगते. म्हणून ही अट सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यात, दिसावी. जमीन असेल तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात चढावी. फ्लॅट असेल तर गृहनिर्माण संस्थेला लेखी कळवावी. मग खरेदीदार किंवा कर्ज देणारी बँक ‘आम्हाला माहीत नव्हते’ म्हणू शकणार नाही.

नोंदणीचा संदेश देणाऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलवर जावा. डेटा एंट्री करताना अनेकदा मुलाचा किंवा दलालाचा नंबर टाकला जातो, आणि ज्याचे घर गेले त्यालाच कळत नाही. कुलमुखत्यारपत्रालाही हाच नियम लावावा.

प्रश्न, ध्वनिचित्रमुद्रण आणि नमुना यांसाठी कायदादुरुस्तीची वाट पाहण्याची गरज आम्हाला वाटत नाही. आपण नोंदणी महानिरीक्षकांना तसे परिपत्रक काढण्यास सांगावे. सातबाऱ्याच्या नोंदीबाबत तलाठ्यांना स्वतंत्र सूचना लागतील. दोन्ही एकदम जमत नसतील, तर आधी घेणाऱ्याला बाहेर बसवण्याचा नियम करा.

आपले,
ज्येष्ठ नागरिकांचे दस्त व न्यायाधिकरणातील अर्ज पाहणारे कार्यकर्ते