विजेने कॅन्सर ‘बरा’ होत नाही, पण...

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ‘विजेच्या झटक्याने कॅन्सर बरा’ हा मथळा वाचून मला तिघांचे फोन आले. माझे यजमान जबड्याच्या कॅन्सरने गेले, त्याला दीड वर्ष झाले. ‘हे आधी कळलं असतं तर?’ असे प्रत्येकाचे म्हणणे. म्हणून हे पत्र.

खालचा मजकूर नीट वाचला तर त्यातही ‘बरा’ असे कुठे नाही. त्यात सांगितलेल्या ‘इलेक्ट्रोकीमोथेरपी’ या उपचारात ब्लिओमायसिनसारखे कॅन्सरवरचे जुनेच औषध शिरेतून किंवा थेट गाठीत देतात. एरवी ते पेशीत फारसे शिरत नाही. गाठीत सुया टोचून सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतके आठ झटके दिले, की पेशीच्या आवरणाला तात्पुरती भोके पडतात आणि औषध आत जाते. पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेतील संशोधकांनी १९९१ मध्ये याचे पहिले निष्कर्ष मांडले, ते डोके-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांवरचेच. पण सुया पोचतात तेवढ्याच गाठीवर परिणाम होतो. इतरत्र पसरलेला रोग तिथेच राहतो.

तरी मी या उपचाराला नावे ठेवत नाही. झटक्यांनी गाठीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त यायचे कमी होते, चिघळलेली जखम सुकू शकते. मथळा द्यायचा तर याचा द्यायला हवा होता.

आमच्याकडे जखम गालातून बाहेर आली तेव्हा यजमानांनी आपले ताट आपणहून सोप्यात नेले. नातीला वास येतो, हे त्यांनी तिच्या चेहऱ्यावरून ओळखले होते. पांढऱ्या अभ्र्यावर रक्त दिसले की ते घाबरत, म्हणून मी मरून रंगाचे चार पंचे आणले. हे मला कुणी सुचवले नव्हते. रुग्णालयातून ‘आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या’ एवढेच ऐकून आलो होतो. (तंबाखूचे उपदेश नकोत. चंची त्यांनी निदानाच्या दिवशीच चुलीत टाकली होती.)

पुढे पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या सेवेची, एक नर्स घरी येऊ लागली. मेट्रोनिडॅझोल या जंतुनाशक औषधाच्या गोळ्या कुटून ती पूड जखमेवर कशी टाकायची, ते तिने दाखवले. चौथ्या दिवशी वास उतरला. काही रुपयांच्या गोळ्या, आणि त्यासाठी आम्ही तीन महिने उदबत्त्या जाळत बसलो! वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनची चिठ्ठी तिच्या डॉक्टरांनी दिली. शेवटचे काही आठवडे ते पुन्हा स्वयंपाकघरात, माझ्यासमोर बसून पेज प्यायले.

तेव्हा या उपचारावर पुन्हा लिहाल तर तो आपल्याकडे कुठे मिळतो, खर्च किती, कोणाला चालतो, हे विचारून लिहा. आणि त्याच पानावर त्या गोळ्यांनाही चार ओळी द्या.

फोन करणाऱ्या तिघांपैकी एकाचा भाऊ सध्या त्याच अवस्थेत आहे. विजेच्या उपचाराचे डॉक्टरांना विचारा म्हटले, आणि त्या गोळ्यांच्या पुडीचेही आजच विचारा म्हणून नाव लिहून दिले.

– एक निवृत्त शिक्षिका, कराड
(नाव व पत्ता संपादकांकडे)