खाणकाम सुरू झाल्यापासून येणाऱ्या गढूळ समुद्रपाण्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपण पुरवता त्या समुद्रपाण्यावर आमची कालवांची हॅचरी (अळ्या वाढवण्याचं केंद्र) चालते. चार वर्षांत पाण्याबद्दल तक्रार करायची वेळ आली नव्हती. आपल्याच कंपनीने किनाऱ्यालगत इल्मेनाइट आणि झिरकॉन या खनिजांसाठी वाळूउपसा सुरू केला आणि सगळं बिघडलं.

पाणी गाळायचं, आठवडाभर टिकणारं 5 मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कार्ट्रिज आता दुपारपर्यंत चोंदतं. बाहेर काढलं की त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असतो. बोटांत चोळला तरी खरखरीत लागत नाही. वाळू मिनिटा-दोन मिनिटांत तळाशी बसते. पण तिच्यासोबत ढवळून निघालेला 2 मायक्रॉनचा मातीचा कण स्थिर पाण्यातही मीटरभर खाली जायला तीनेक दिवस घेतो. लाटांमध्ये तो बसणार कधी? शिवाय पाणी गढूळ असलं की अतिनील दिव्याचा प्रकाश आत पोचत नाही आणि जंतू मरत नाहीत.

हा भरती-ओहोटीचा गढूळपणा आहे, असं आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं. मी रोज सकाळी बरणीत नमुना भरून, तारीख घालून ठेवतो. वाळू उपसणारा ड्रेजर बंद राहिला की दोन-तीन दिवसांत पाणी निवळतं. भरती-ओहोटी तर तेव्हाही होतेच.

गाळ एकवेळ गाळून घेता येईल. खरी धास्ती आहे ती विरघळलेल्या धातूंची. तळाच्या ऑक्सिजन नसलेल्या चिखलात तांबं, जस्त सल्फाइडच्या रूपात अडकून असतं. चिखल उपसला की त्याला ऑक्सिजन मिळतो आणि त्यातलं काही पाण्यात उतरतं. ते गाळ अडवणाऱ्या कार्ट्रिजमध्ये अडकत नाही. कालवाच्या अळीला लिटरमागे दहा-वीस मायक्रोग्रॅम तांबंही बाधतं. अंडं फळल्यावर दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली अळीचं ‘डी’ आकाराचं कवच दिसायला हवं. अळ्यांच्या गेल्या दोन्ही खेपांत मला वेड्यावाकड्या, अर्धवट कडा दिसल्या. ते तांब्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. म्हणून तर तपासणी मागतो आहे.

विरघळलेलं तांबं, जस्त, अमोनिया आणि गढूळपणा यांची तपासणी उपसा चालू असताना करून अहवाल मला द्यावा. ड्रेजरभोवती गाळ अडवणारा पडदा लावावा, धुतलेल्या वाळूचं पाणी निवळल्याशिवाय समुद्रात सोडू नये आणि तोवर उपशाच्या वेळी आमच्याकडचा पंप बंद ठेवावा. वाया गेलेल्या दोन खेपांची भरपाईही मिळावी.

बरण्या सीलबंद ठेवल्या आहेत. आपला माणूस पाठवा, त्याच्यासमोर उघडतो.

आपला,
एक नियमित ग्राहक